एक ओळ पुढे

३ फेब्रुवारी
नाही जमलं! सूनबाई स्टुलावरून पडली, तेव्हापासून तिचं एक मनगट प्लास्टरमध्ये, दुसरं मुरगळलेलं. ऑफिसचं काम घरूनच करते. चिरंजीव दिवसभर कामावर, म्हणून तिची बोटं मी – सातवी नापास! तिच्या प्रोग्राममध्ये कुठेतरी चूक आहे. ती एकेक ओळ चालवून शोधायची. ती "पुढे" म्हणाली की मी कीबोर्डच्या वरच्या रांगेतलं एक बटण दाबायचं. एकदाच. माझ्याकडून दोनदा दाबलं जातं. हवी ती ओळ निसटते, की पुन्हा पहिल्यापासून.

"बाबा, एकदाच!"

"बटण अडकतं गं."

बटण कसलं अडकतंय. उजवा हात थरथरतो.

४ फेब्रुवारी
चहा अर्धाच कप घेतला. भरलेला उचलवत नाही. ही म्हणते, "आज चहा बिघडला वाटतं?" हो म्हणालो. वर बोलणी खाल्ली.

थोरल्या दादाचं असंच सुरू झालं होतं. शेवटी वहिनी भरवायची, तर तोंड फिरवायचा. घरात कुणाला कळता कामा नये.

५ फेब्रुवारी
शुक्रवारपर्यंत चूक सापडली नाही तर काम दुसऱ्याकडे जाणार. सूनबाई म्हणाली, शॉर्टकट बदलू. कुठल्या बटणानं काय व्हावं ते आपणच ठरवायचं म्हणे. ती सांगत गेली, मी दाबत गेलो. 'पुढे'चं बटण खाली, हाताजवळ आणलं. फरक शून्य. अंगण सरळ करून दिलं तरी नाचता येईना!

ही दारातून – "जन्मभर माझं एक ऐकलं नाही, आता सुनेच्या हुकमावर बोटं नाचतायत!"

सूनबाई हसली. मला हसू आलं नाही.

६ फेब्रुवारी
थकलो. आज तिनं "एकदाच" म्हणणंही सोडलं.

७ फेब्रुवारी
सूनबाईनं नवीनच काढलं. आता 'पुढे'साठी दोन बटणं, एकापाठोपाठ. "पहिलं डाव्या हातानं, बाबा. दुसरं उजव्या." पहिल्याशिवाय दुसरं मुकं. मग ते दोनदा दाबलं जावो की चारदा – ओळ एकच सरकते!

"एवढा खटाटोप कशाला?" मी विचारलं.

"बटण अडकतं ना."

वाचलो! तिला खरंच बटणच वाटतंय.

दुपारी ती ओरडली, "थांबा! हीच ती!" मी थांबलो. हात थांबला नाही. पण ओळ जागेवर होती. 'पेक्षा कमी' हवं तिथे 'पेक्षा जास्त' – एवढ्यासाठी सगळ्यांचा जीव टांगणीला!

२८ फेब्रुवारी
दवाखान्यात सुनेचं प्लास्टर निघालं. घरी जायचं म्हणून मी जिन्याकडे वळलो, तर म्हणाली, "खाली नाही, बाबा. वर. हाताच्या थरथरीचे डॉक्टर वर बसतात. तुमचा नंबर लावलाय."

वर गेलो. बाकावर चिरंजीव आणि ही आधीच येऊन बसलेली. मधे एक जागा मोकळी.