सॉना, शेजारी आणि आभाळातली ढेकळं

इनारी, १२ सप्टेंबर

चि. साइमीस मावशीचे अ. उ. आ.

इकडे सगळं ठीक, तुझे काका सोडून. तळ्याकाठची नवी सॉना बांधून झाली. पहिली वाफ घेणार, तोच शेजारचा काउको म्हणाला की ती त्याच्या जमिनीत शिरली आहे, पाडा. एकोणतीस मेला काकांनी उपग्रहावर चालणाऱ्या यंत्राने हद्द मोजून खुंट्या ठोकल्या होत्या. यंत्र खोटं बोलत नाही म्हणून ते अडून बसलेत. चाळीस वर्षं एका होडीतून मासे धरणारे हे दोघे आता एकमेकांकडे पाठ करून जाळी टाकतात. सॉना गेली तर पुन्हा बांधू, पण काउको तुटला तर ह्यांना दुसरं कोण सहन करणार? तू उपग्रहातच नोकरी करतेस ना? काहीतरी कर, बाई.

सोबत मुरंबा. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
रायलीमावशी

सोदांक्युला, १८ सप्टेंबर

ती. मावशीस सा. न. वि. वि.

मुरंबा पोचला, अर्धा संपलासुद्धा. आणि मी उपग्रहात नाही, त्याने पाठवलेल्या आकड्यांत नोकरी करते. पगार तिथेच मिळतो.

काकांनी मोजलं तो दिवस मी तपासला. आमचा उपग्रह नेमका तुमच्या डोक्यावरून गेला होता. तिथे खूप वर विजेने भारलेला थर असतो. एरवी तो बऱ्यापैकी सपाट, पण त्या दिवशी सूर्याने असा दणका दिला होता की नांगरलेल्या शेतासारखी ढेकळंच ढेकळं. काकांच्या यंत्राला वाट दाखवणाऱ्या उपग्रहांचा संदेश त्यांतून येताना थरथरतो आणि खालचं यंत्र चुकतं. तेव्हा काका खोटे नाहीत, पण त्यांच्या खुंट्यांचा भरवसा नाही. मला फार वाईट वाटतंय. येत्या मंगळवारी वर शांतता दिसते. दोघांनी मिळून पुन्हा मोजा.

काकांचा राग निवला की माझी आठवण काढ, आधी नको.

तुझी,
साइमी

इनारी, २४ सप्टेंबर

चि. साइमीस अ. आ.

तुझं पत्र वाचून काका म्हणाले, पोरीला शिकवलं आणि ती शेजाऱ्याची वकील झाली. जेवले नाहीत. मग गुपचूप यंत्र चार्जिंगला लावलं.

काल दोघांनी आळीपाळीने यंत्र धरून मोजलं. तीनदा, आणि तिन्ही वेळा तेच. हद्द सॉनाच्या आतून जाते, बसायच्या फळीच्या बरोब्बर मधून. काउको तडक घरी गेला. मला वाटलं, कुऱ्हाड आणायला. तो टॉवेल घेऊन आला. मी सॉना आधीच तापवून ठेवली होती, मी काय आजची आहे? तो जाऊन आपल्या जमिनीवर बसला, काका आपल्या.

भट्टी मात्र आमच्या हद्दीत. त्यामुळे वाफ हवी की काउकोला काकांकडे मागावी लागते. मी बाहेर लाकडं रचत होते. त्याने चौथ्यांदा मागितली, तेव्हा काकांनी भट्टीवरच्या तापल्या दगडांवर पाणी ओतलं आणि विचारलं, उद्या जाळी कुठे टाकायची.

अशीच आमची राहा.

तुझी,
मावशी