डॅनियलची जागा

३ डिसें., बुधवार
सईला रेसिडेन्सीनंतरची कार्डिऑलॉजीची फेलोशिप नाही मिळाली. मेसेज आला: "डिडन्ट मॅच. प्लीज डोंट कॉल." ऑफिसच्या पार्किंगमध्ये तशीच बसून राहिले. रेसिडेन्सी उत्तम चाललीय, एम.डी.वाल्यांच्याही परीक्षा दिल्या. विनय म्हणतो, नावापुढे एम.डी. नाही, ऑस्टिओपॅथीचं डी.ओ. आहे, ते आडवं आलं. लेक रडतेय आणि बापाला कारणं सुचतायत.
तिच्या बॅचच्या डॅनियलला मिळाली. तोही डी.ओ.च! आणि ओहायोत, जिथे सईची पहिली पसंती होती तिथेच.

४ डिसें.
डॅनियल आला. सई खाली येईना. "मावशी, शी शुड हॅव गॉट इट." मावशी म्हणायला सईनेच शिकवलंय. इंटरव्ह्यूची सगळी तयारी दोघांनी माझ्याच डायनिंग टेबलवर केली. पिझ्झ्यावरसुद्धा लसणाची चटणी घालून खातो हा.
शेवटी उतरली. "काँग्रॅट्स, इडियट." मग दोघंही रडली. मीही.

२० जाने.
सईने इथे आमच्या गावात, फ्रिस्कोतच हॉस्पिटलचा जॉब घेतला, ऑगस्टपासून. पुन्हा अप्लाय करणार का, हे विचारायचं नाही.
हळदीकुंकवाला एक काकू: "डी.ओ. म्हणजे पूर्ण डॉक्टर ना गं?" हसले. घरी येऊन भांडी आपटली.

९ मे, शनिवार
डॅनियल गेला.
ड्यूटी संपवून घरी जाताना, हायवेवर. ट्रक. सईचा फोन आला तेव्हा पोळ्या करत होते. "आई, ही'ज डेड." कोण? कोण गं? विचारतच राहिले. पोळी तव्यावर जळून कोळसा.
जुलैत ओहायोला जायचा होता.

१४ मे, गुरु.
ओहायोहून सईला फोन. डॅनियलची जागा रिकामी आहे, येशील का? सोमवारी कळव.
तिने सांगितलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, खरंच?" आनंदाने. माझं मलाच ऐकू आलं. सईने माझ्याकडे पाहिलं. असं तिने कधी पाहिलं नव्हतं.
विनय म्हणाला, "कुणीतरी घेणारच ना ती जागा." बरोबर आहे. तरी...

१६ मे, शनि.
चर्चमध्ये डॅनियलसाठी सर्व्हिस. डॅनियलची आई माझ्याच वयाची. मी तिचा हात धरला. सईला तिने पोटाशी घेतलं. म्हणाली, "तो नेहमी सांगायचा, सई माझ्यापेक्षा चांगली डॉक्टर आहे."
ओहायोचा फोन तिला माहीत नाही. सईच्याने सांगवलं नाही.

१८ मे, सोम.
सकाळी सई किचनमध्ये. "यू वॉन्ट मी टू गो."
नाही म्हणाले असते तर खोटं ठरलं असतं. "हो," म्हटलं.
मग एकदम मराठीत, "आई, तिथे त्याचं नाव शिवलेला डॉक्टरचा पांढरा कोट तयार असेल गं."
मी चहाचं आधण ठेवलं.
तेवढ्यात तिचा फोन वाजला, ओहायोचाच. घेऊन बॅकयार्डमध्ये गेलीय. खिडकीतून दिसतेय. मघापासून नुसती ऐकतेय.