मागच्या कार्बोरेटरचा आवाज

बाबा,

आपल्या गाडीचे दोन्ही कार्बोरेटर मी बसवले. मागचा हवा कमी ओढतो असं वाटून तुम्ही त्याचाच स्क्रू फिरवून राहिले होते. मी कानाला नळी लावून दोन्हींचा हवा ओढायचा आवाज एकाच कानाने ऐकला. स्क्रू परत जागेवर आणला, तर आवाज बरोबर जुळला.

तुम्ही पुढच्याला उजवा कान लावता अन् मागच्याला डावा. काल डावीकडून हाक मारली, तर तुम्ही वळलेच नाही.

मी समता कॉलोनीत कानाच्या डॉक्टरकडे नंबर लावायला चालली. आपलं शहर राजधानी झाल्यापासून तिथे फार गर्दी असते. आईले अजून सांगितलं नाही. मले रागवा, पण आज रेल्वेच्या ड्यूटीवर जाऊ नका. तुमच्या भरोशावर पूर्ण पॅसेंजर झोपून असते, बाबा.

संघमित्रा