लोणच्याच्या पिंपांमागचा सातवा माग

प्रति,
मा. अधीक्षक साहेब,
यंत्रमाग नोंदणी व मोडणी कचेरी,
चिता विभाग, आइची प्रांत.

अर्जदार : साकाकिबारा तोकुमात्सु, वय ६७, विणकर (आता माजी), मु. शिओहामा

विषय : नोंदणीत नसलेल्या मागावरील मोहोर आठ दिवसांपुरती उघडून मिळण्याबाबत.

संदर्भ : आपले निरीक्षक श्री. मोरिशिता यांनी ६ मे रोजी सदर मागावर खळीने चिकटवलेला, लाल शिक्क्याचा कागद.

महोदय,

१. अर्जदार सविनय निवेदन करतो की, त्याच्या घरी मुळ्याच्या लोणच्याच्या पिंपांमागे कमी पन्ह्याचा एक माग आहे. आपल्या दप्तरी त्याची नोंद नाही. ही गोष्ट नऊ वर्षे कोणी बोलून दाखवली नव्हती. अखेर ती अर्जदारानेच, कोणी विचारलेले नसताना, दोनशे माणसांत ओरडून सांगितली. तो प्रकार कलम ३ मध्ये येईल. तोवर अर्जदाराला थोडी अब्रू गोळा करू द्यावी.

२. अर्जदाराचे नोंदलेले सहाही माग गेल्या फेब्रुवारीत आपल्या कचेरीच्या योजनेत मोडले गेले. त्याबद्दल तक्रार नाही. हातोडा अर्जदारानेच चालवला, आणि पहिला घाव मागाऐवजी स्वतःच्या पायावर घालून घेतला, हे आपल्या अहवालात असेलच. अर्जदार चाळीस वर्षे कापसावर जगला, पण कापसाचे झाड त्याने पाहिलेले नाही. आजोबांच्या वेळी घरामागे कापूस होत असे. पुढे परदेशी कापूस स्वस्त झाला आणि आजोबांनी तिथे रताळी लावली. मग अमेरिकेचा कापूस बोटीने यायचा, नागोयात त्याचे सूत व्हायचे, अर्जदाराकडे कापड व्हायचे, आणि एका डॉलरचा ब्लाउज होऊन तो परत अमेरिकेला जायचा. दोनदा समुद्र ओलांडून माहेरी गेलेली ही लेक तिथल्या गिरणीवाल्यांना फार स्वस्त वाटली. त्यांनी बोंब ठोकली आणि इकडे माग मोडायचे ठरले. म्हणजे परक्यांचा माल स्वस्त झाला तेव्हाही आमचे घराणे बुडाले आणि आमचा माल स्वस्त झाला तेव्हाही. एवढ्या सचोटीने दोन्ही वेळा बुडणारे घराणे विभागात दुसरे नसावे.

सातवा माग अर्जदाराच्या पत्नीचा, इसोचा. युद्धात गावातले माग लोखंडासाठी गेले तेव्हा मागे राहिलेल्या तुकड्यांतून तिने तो उभा केला. नोंदणीच्या वेळी फॉर्मवर सहाच रकाने होते आणि पुरवणी मागायची अर्जदाराला लाज वाटली. गुन्ह्याचे मूळ एवढेच आहे.

३. अर्जदाराला गाऊन केलेल्या प्रवचनांचे वेड आहे. गेन्शूबुवा या द्वीपकल्पात ज्या ज्या देवळात आख्यान लावतात तिथे अर्जदार आपली बैठक बगलेत मारून पहिल्या रांगेत हजर असतो, आणि रडण्याची जागा येण्याआधीच रडू लागतो. एकदा बुवांनी सूर थांबवून सर्वांदेखत सांगितले होते, "तोकुसान, जरा दम धरा. मी अजून तिथे पोचलेलो नाही."

४ मे रोजी बुवांनी एका कोळणीची कथा लावली. तिने नासलेली मासळी बाहीत लपवली आणि तशीच ती अमिदा बुद्धाच्या दारी गेली. बुवांनी आवाज खाली आणला, मग असा काही वर नेला की छताची धूळ हलली : "बाई गं, वास त्याला केव्हाच आला होता! तरी दार उघडलं की नाही?" या जागी सर्वांनी 'नामु अमिदा बुत्सु' म्हणायचे असते. सर्वांनी म्हटले. अर्जदार मात्र उभा राहून ओरडला, "लोणच्याच्या पिंपांमागे माझा एक माग आहे हो!"

मग मागून शेजारच्या म्हातारबाई म्हणाल्या, "हात्तिच्या! सगळे माग मोडले तरी खडखड येतेच कशी? मला वाटलं, यांचं लोणचंच फार आंबलं."

दोनशे माणसे हसली. एकच हसला नाही. तो श्री. मोरिशिता. ते आईला प्रवचनाला घेऊन आले होते. बाहेर चपला शोधताना त्यांनी अर्जदाराला गाठले. "आजोबा, मी आज सुट्टीवर होतो. तुम्ही कशाला ओरडलात? आता मला ऐकू आलं ना!" त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. ते बुवांमुळे की अर्जदारामुळे, हे सांगता येत नाही. दोन दिवसांनी ते खळीची वाटी घेऊन आले, "माफ करा हं, आजी" असे तीनदा म्हणाले आणि कागद चिकटवून गेले. त्यांच्या वागण्याबद्दल अर्जदार फक्त चांगलेच लिहू शकतो.

४. इसो त्या दिवशी एवढेच बोलली : "लोक प्रवचनातून पुण्य घेऊन येतात. तुम्ही इन्स्पेक्टर घेऊन आलात." त्यानंतर आठ दिवस ती अर्जदाराशी बोललेली नाही. जेवण वेळेवर मिळते; पण वाढताना ती भाताशी बोलते.

५. आता मुद्दा. बारा ठाणांच्या ताण्यापैकी पाच विणून झाली आहेत, सात राहिली आहेत. शिक्क्याचा कागद नेमका विणलेल्या आणि न विणलेल्याच्या मधोमध बसला आहे. हे कापड विक्रीचे नाही. ते कोणत्याही बोटीत चढणार नाही आणि कुठल्याही देशाच्या गिरण्यांना त्याचा त्रास होणार नाही. नागोयात दिलेली आमची मुलगी फुमिए जुलैत बाळंत होणार आहे, तिच्या बाळाचे लंगोट त्यातून व्हायचे आहेत. फुमिए म्हणते, "दुकानात ढिगाने मिळतात, आई." त्यावर इसोचे उत्तर : "दुकानातल्या कापडाला आपण कोणासाठी विणलो गेलो ते ठाऊक नसतं."

कापडात प्राण नसतो, हे अर्जदाराला समजते. बुवांनी शंभरदा गाऊन सांगितले आहे. पण फुमिएचे गेल्या वर्षीचे बाळ नऊ दिवसच राहिले. त्या वेळीही इसोने ताणा लावायला घेतला होता. अर्जदारानेच तिला म्हटले, "ब्लाउजच्या कापडाची बोट सुटायची आहे. तू मोठ्या मागांवर ये. लंगोट विकत आणू." विकत आणले. त्यातले निम्मे घडीसुद्धा न मोडता परत आले. इसोने त्याबद्दल अर्जदाराला कधी एक शब्द विचारलेला नाही. तिने विचारले असते, तर अर्जदार कदाचित भर सभेत असा ओरडला नसता.

६. सबब नम्र विनंती की, सदर मोहोर आठ दिवसांपुरती उघडावी. दिवसाला एक ठाण होईल. एक दिवस इसोच्या गुडघ्यांसाठी धरला आहे. नवव्या दिवशी अर्जदार स्वतः माग गाडीवर घालून कचेरीत आणेल आणि कायद्याप्रमाणे जो दंड होईल तो भरेल. नोंद नसलेला माग मोडता येत नाही, असे नियमात असल्यास त्याची नोंद करून मग मोडावा. या वेळी पुरवणी मागायला अर्जदार लाजणार नाही.

आणि परवानगी देणे आपल्या अधिकारात नसेल, तर मग आपण कात्री घेऊन स्वतः यावे. सहा मागांवर हातोडा चालवणाऱ्या अर्जदाराचा हात अर्धवट ताणा कापायला धजत नाही. इसोला ते सांगण्याची त्याची छातीही नाही.

आपला नम्र,
यापुढे प्रवचनात फक्त नामस्मरणापुरतेच तोंड उघडणारा,

(सही व शिक्का)
साकाकिबारा तोकुमात्सु
शिओहामा, १४ मे, शोवा ३३ (१९५८)

सोबत :
(अ) मोहोर आजवर अबाधित असल्याचा शेजाऱ्यांचा दाखला. (म्हातारबाईंनी अंगठा देताना "लोणचं आता गप्प आहे" असे आपणहून लिहवून घेतले आहे. ते खोडायला त्या तयार नाहीत.)
(आ) फुमिएच्या सुईणीचे पत्र.
(इ) कापडाचा नमुना : जोडलेला नाही. जोडायचा तर कापावा लागला असता. साहेबांनी येऊन तो मागावरच पाहावा.