चष्म्याच्या घरातला भाडेकरू

तीर्थस्वरूप मामांस,

वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, त्यामुळे वाकलोय तो आठवडाभर वाकलेलाच आहे). तुमचा गुडघा कसा आहे? आईनेही विचारलं असतं, पण तिच्या लाडक्या भिंतीवरच्या घड्याळाची घंटा तुम्ही दुरुस्तीच्या नावाखाली परस्पर बदललीत, तेव्हापासून तीन वर्षं ती तुमच्याशी बोलत नाही, हे मी तुम्हाला काय सांगावं!

तर कंबर का धरली. गेले दोन महिने बाबा दर गुरुवारी फिरायला जातात आणि चार-चार तास परतत नाहीत. आल्यावर म्हणतात, "वाट चुकलो गं." आईने धसका घेतलाय. बाबांना विसरायला होतंय, एक दिवस ते घरच विसरतील, असं तिच्या मनाने घेतलंय. गुरुवारी ती गॅलरीतून हलत नाही, जेवतही नाही. मला बघवत नाही. बाबा मोबाइल नेत नाहीत, पण चष्म्याचं घर कायम खिशात. म्हणून ठरवलं, त्यात मावेल असं जीपीएस आपणच बनवायचं. (बाजारात तयार मिळतं, हो. हे सांगणारे तुम्ही पाचवे.)

पहिला बोर्ड वायफायवाला आणला, तो तासाभरात बॅटरी फस्त करायचा. मोठी बॅटरी आणली, तर ती आत बसली आणि चष्मा बाहेर राहिला. मग नखाएवढा बोर्ड आणला. तो कपाटाखाली पडला (कंबरेची हकिगत तिथली). हौसेने छोटा स्क्रीन लावला, पण चष्म्याशिवाय बाबांना तो आहे हेच दिसलं नाही. सिमकार्डाचा भाग मावेना म्हणून गाळला. त्यामुळे यंत्राला सगळं ठाऊक, पण सांगणार कोणाला नाही. फक्त आतल्या मेमरी कार्डावर गुपचूप लिहून ठेवणार. एवढं करून ते ढिम्मच. दोन दिवसांनी कळलं, की बोर्ड आणि जीपीएसचा तुकडा यांतल्या एकाची बोलायची वायर दुसऱ्याच्या ऐकायच्या टोकाला जोडायची असते. मी बोलणारं बोलणाऱ्याला जोडलेलं. दोघंही बडबडतायत, ऐकत कोणी नाही (आपल्या घराण्यात हे कनेक्शन जुनंच आहे). ते सुधारलं, तरी उपग्रह सापडेना, कारण चष्म्याचं घर स्टीलचं! बंद डब्यात बसून बिचारं आकाश शोधत होतं. शेवटी प्लास्टिकचं घर आणलं. "माझ्या चष्म्याच्या घरात भाडेकरू कशाला?" म्हणून बाबा अडून बसले. किती चाललात ते मोजतं, असं सांगितल्यावर कुठे राजी झाले.

गेल्या गुरुवारी यंत्राची पहिली स्वारी झाली. छान चाललं. तब्येतीला जपा.

आपला (अजून वाकलेला) भाचा

ता. क. : कार्ड वाचलं. बाबा घरातून निघाले, एकदाही न चुकता तीन वळणं घेऊन एका दुकानात शिरले आणि तीन तास चाळीस मिनिटं तिथून हलले नाहीत. दुकान घड्याळ दुरुस्तीचं आहे. मामा, बुद्धिबळात कोण जिंकलं? तुमचा पांढरा घोडा बाबांच्या खिशात सापडला.

आणखी ता. क. : आईला मी काही सांगितलेलं नाही. बाबांचं डोकं शाबूत आहे हे कळल्यावर ती आधी रडेल आणि मग तुमची दोघांची धडगत नाही. तेव्हा सांगायचं तुम्हीच, समोर येऊन. येताना ती जुनी घंटा आणा. टाकली नसणार, मी तुम्हाला ओळखतो.

शेवटचा ता. क. : हे पत्र टपालाने पाठवलेलं नाही. यंत्राखाली घडी करून ठेवलंय, बाबांना पत्ता नाही. तुमचे हात नवी डबी उघडल्याशिवाय राहायचे नाहीत. म्हणजे पत्र तुम्ही वाचताय तेव्हा बाबा तुमच्या समोर बसलेत आणि आई गॅलरीत उभी आहे. डाव मोडा आणि दोघंही निघा.