हिरवी ज्वाळा

दूधविनायक, मंगळवार, संध्याकाळ

बाबांना अग्नी देऊन सगळे दुपारी परतले. धाकटा भाऊ अनंत दारातच इथल्या हिंदीमिश्रित मराठीत म्हणाला, “ताई, चितेतून एकदम हिरवी लपट उठली! सब लोग हात जोडून उभे राहिले.” तेव्हापासून आई येणाऱ्या प्रत्येकीला तेच सांगते आहे. हिरवी ज्वाळा. पुण्यवान होते.

मला मात्र कारण माहीत आहे. बाबांच्या बोटातली तांब्याची अंगठी काढायची राहून गेली, एवढंच झालं. दरवर्षी अकरावीच्या मुलींना मी मोरचूद आचेवर धरून तोच रंग दाखवते. तांब्यातला इलेक्ट्रॉन आचेनं वरच्या पायरीवर चढतो, खाली येताना ती ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते. त्यात पुण्य कुठून आलं? पण हे आज आईला सांगू?

बाबा जन्मभर वेद शिकवत आले, तरी माझा हा धडा त्यांना आवडायचा. एकदा रामघाटावर बसलो असताना त्यांनी विचारलं, “एका पायरीवरून दुसरीवर जाताना तो मधे कुठे असतो गं?” मी ऐटीत म्हटलं, “मधे कुठेच नसतो, बाबा. या पायरीवर, नाहीतर त्या.” ते घाटाच्या पायऱ्यांकडे बघू लागले.

हिरवी ज्वाळा. मी ती पाहिलीसुद्धा नाही. आमच्यात बायकांना चितेपाशी नेत नाहीत.

मघाशी बाबांच्या जागी लावलेल्या दिव्यात तेल घालताना आईनं विचारलं, “तेराव्यापर्यंत माणूस मधेच असतो म्हणतात. म्हणजे नेमका कुठे गं?”

मी वात सारखी करत राहिले.