गाडीला कोण उठवतं

प्रिय चिमे,

पत्र बघून घाबरू नकोस, मी ठणठणीत आहे. फोन तू आपटला होतास, तेव्हा आधी फोन तूच करायचा, हे माझं अजून कायम आहे. पत्र लिहिणं म्हणजे फोन करणं नव्हे, एवढी पळवाट मला असू दे. आणि हे घर विकून मी तुझ्याकडे राहायला येणार नाही, हेही कायम आहे. तेवढं आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील.

लिहायचं आहे ते गाडीबद्दल. परवा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायला खाली उतरले, तर गाडीचं दारच उघडेना. किल्लीचं बटण दाबून दाबून बोट दुखलं. मागच्या आठवड्यात चांगली रात्रभर चार्जिंगला लावली होती, त्यानंतर बाहेर काढायचं काही कारणच पडलं नव्हतं. तुझे बाबा असते तर आधी गाडीवर ओरडले असते, मग माझ्यावर. ते नाहीत, म्हणून दोन्ही कामं मीच उरकली आणि जिने चढून परत वर आले. डॉक्टरांची वेळ हुकली त्याचं काही नाही. पण ही एवढीशी गोष्ट सांगायलाही घरात कुणी नाही, याचं फार वाईट वाटलं. त्या अख्ख्या दिवसात माझ्या तोंडून जे काही शब्द निघाले, ते गाडीला उद्देशूनच.

काल मेकॅनिक आला. बडबड्या माणूस, मला हवा होता तसाच. किल्लीच्या पोटातून लोखंडी पातं ओढून त्याने दार उघडलं आणि बॉनेट वर केलं. चाकं फिरवणारी मोठी बॅटरी म्हणे भरलेलीच आहे. पण दारं, दिवे आणि त्या मोठीला जागं करायचं काम एका साध्या छोट्या बॅटरीकडे असतं, आणि तीच संपली होती. घर भरलेलं, पण दार उघडायला कुणी नाही, अशातली गत. मी विजेरी धरून उभी राहिले. काळी तार आधी सोडायची, लाल नंतर. नवी बसवताना उलटं. शेवटचा नट मी हट्टाने स्वतः आवळला. दिवे लागले तेव्हा एवढं बरं वाटलं की त्याला वर नेऊन चहा पाजला, आणि तो उठायला लागला तसा दुसरा टाकला. चहाची तल्लफ त्यालाही नव्हती आणि मलाही.

पण त्याच्या डोक्यातून एक गोष्ट जाईना. ही बॅटरी एवढ्यात संपायला नको होती. तुम्ही मोबाइलवरून सारखी गाडी बघता का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, ती ॲपची भानगड माझ्या फोनमध्ये नाहीच. गाडी आली त्या दिवशी मुलीने स्वतःच्या फोनमध्ये घेतली होती. मग खाली जाऊन त्याने गाडीला त्याचं यंत्र लावून दाखवलं. गाडी उभ्या जागी रोज जागी होत होती, सकाळ नाही, दुपार नाही, रात्र नाही. कुणीतरी दुरून विचारत होतं, कुठे आहेस, बाहेर गेली होतीस का, दारं लावलीत का, आणि ती बिचारी दर वेळी उठून उत्तर देत होती. गाडी चालली की मोठी बॅटरी छोटीला भरते म्हणे. पण मी चालवते कुठे! गाडीच्या पडद्यावर एकच फोन जोडलेला दिसला, त्यावर नाव ‘चिमी’. हा काढून टाकू का, असं त्याने सहज विचारलं.

मी म्हणाले, "नको. माझी मुलगी आहे ती."

मग खालच्या काकूंचंही कोडं सुटलं. गाडी बंद पडली त्याच सुमारास त्या छत्री मागायला आल्या होत्या, आभाळात ढगाचा पत्ता नसताना. मला नखशिखांत न्याहाळलं आणि छत्री न घेताच गेल्या. गाडी उत्तर देईना म्हणून तू त्यांना पाठवलंस ना? त्यांना खोटं बोलता येत नाही, पुढच्या वेळी दुसरं कुणीतरी बघ.

आज सकाळपासून मी दोनदा खाली जाऊन गाडीत बसून आले. दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. तू बघत असशील तर तुला कळावं म्हणून. मग माझंच मला हसू आलं आणि त्यापाठोपाठ रडूही, म्हणून वर येऊन हे लिहायला बसले. गाडीला विचारून तुला एवढंच कळतं की ती खाली उभी आहे. मी जेवले का, मला झोप लागते का, हे तिला ठाऊक नाही. ते मला विचार. फार एकटी पडले आहे गं मी. फोन कर. घराचा विषय काढलास तर मी भांडेन, पण फोन पहिल्या घंटीला उचलेन.

तुझीच,
हट्टी आई